‘सर्व्हर डाऊन’ : हिशेब कोणी ठेवायचा?

रेशन दुकानापुढील रांगेत उभ्या असलेल्या कोणत्याही माणसाला विचारा. इंग्रजीचे दोन शब्द त्याला हमखास ठाऊक असतात, आणि ते म्हणजे ‘सर्व्हर डाऊन’. एके काळी सरकारी कचेरीत ‘साहेब दौऱ्यावर गेले आहेत’ हे वाक्य जे काम करीत असे, तेच काम आज हे दोन शब्द करतात. फरक इतकाच, की दौऱ्यावर गेलेला साहेब केव्हा तरी परत येई आणि त्याला गाठून चार शब्द सुनावण्याची सोय तरी असे. सर्व्हर कोठे असतो, तो कोणाचा, त्याची देखभाल कोण करतो, तो खरोखरच बंद पडला आहे की वाटेतील एखादी तार तुटली आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर दुकानदाराजवळ नसते, तलाठ्याजवळ नसते आणि तहसीलदाराजवळही नसते.

मराठवाड्यातील एका गावी आम्ही हे दृश्य जवळून पाहिले. एक वृद्ध बाई रिकामी पिशवी घेऊन तिसऱ्या दिवशी परत निघाली होती. ‘दादा, उद्या तरी येऊ का?’ तिने विचारले. ‘मावशी, माझ्या हातात काय आहे? मशीनला रेंज आली तर देतो,’ दुकानदार म्हणाला. पाच मिनिटांपूर्वी त्याच दुकानदाराने आम्हाला सर्व्हर डाऊन असल्याचे सांगितले होते. आता बिघाड रेंजचा झाला होता. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. धान्य दुकानात होते, बाई दारात होती, तिचा अंगठाही तिच्याजवळच होता. तरी धान्य मिळत नव्हते, आणि का मिळत नाही हे सांगू शकेल असा एकही माणूस त्या पंचक्रोशीत नव्हता. तीन खेपांत तिचे तीन रोज बुडाले, ते निराळेच.

शासनाचे समर्थक येथे लगेच म्हणतील, की ही तांत्रिक अडचण आहे, तंत्रज्ञ ती सोडवतील, यात राजकारण आणू नये. ‘तांत्रिक अडचण’ हा शब्दप्रयोग आमच्या सार्वजनिक जीवनात फार सोयीचा होऊन बसला आहे. बिघाड तांत्रिक असेल. पण तो कोठे झाला हे कोणाला पाहता यावे, त्याची नोंद कोणी ठेवावी, ती नोंद कोणाला वाचता यावी, आणि बिघाडाची झळ कोणी सोसावी, हे चारही प्रश्न सत्तेचे आहेत. त्यांची उत्तरे आज ज्या तऱ्हेने दिली गेली आहेत, तिच्याविरुद्ध आमची तक्रार आहे.

जाळ्यातील बिघाड शोधण्याची साधने दुर्मिळ आहेत, महाग आहेत, अथवा परदेशी कंपन्यांच्या तिजोरीत बंद आहेत, असे असते तर गोष्ट वेगळी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकन लष्कराच्या मेरीलँडमधील एका प्रयोगशाळेत माइक म्यूस नावाच्या संशोधकाने एका रात्रीत सुमारे हजार ओळींची एक आज्ञावली लिहिली. जाळ्यातील दूरच्या यंत्राला हाक मारायची, त्याने ओ देईपर्यंत किती वेळ लागला ते मोजायचे, आणि ओ आलीच नाही तर तसे कळवायचे, एवढेच तिचे काम. पाण्याखाली सोडलेली ध्वनिलहर पाणबुडीवर आदळून परत येते तेव्हा जो आवाज ऐकू येतो, त्यावरून त्याने तिचे नाव ‘पिंग’ ठेवले. म्यूस २००० साली अपघातात गेला. त्याने या आज्ञावलीवर मालकी सांगितली नव्हती. ती त्याने सर्वांना खुली करून दिली होती. आज जगातील जवळजवळ प्रत्येक संगणकात ती आहे.

त्यानंतर चार-पाच वर्षांच्या आतच कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसरूट’ तयार केली. तिची युक्ती इतकी साधी व सुंदर आहे की ती सांगण्याचा मोह आवरत नाही. जाळ्यातून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर एक आकडा लिहिलेला असतो. वाटेतील प्रत्येक ठाणे तो एकाने कमी करते. आकडा शून्यावर आला की ते ठाणे पुडके टाकून देते आणि ‘तुमचे पुडके माझ्यापाशी संपले’ असा निरोप पाठवणाऱ्याकडे धाडते. पुडकी जाळ्यात अनंतकाळ भटकत राहू नयेत म्हणून ही व्यवस्था केलेली. जेकबसन यांनी तिचाच उपयोग वाट शोधण्यासाठी केला. पहिले पुडके एकचा आकडा घालून सोडायचे, दुसरे दोनचा, तिसरे तीनचा. म्हणजे एकामागून एक प्रत्येक ठाणे आपण होऊन आपला पत्ता सांगते, आणि जेथून पुढे काहीच उत्तर येत नाही, तेथे बिघाडाचा शोध घ्यायचा. काही ठाणी मुद्दाम मौन पाळतात, त्यामुळे हा शोध सर्वस्वी बिनचूक असतो असे नाही. पण ‘कोठे तरी काही तरी बिघडले आहे’ आणि ‘सातव्या ठाण्यापलीकडे बिघडले आहे’ या दोन विधानांत जे अंतर आहे, ते अज्ञान आणि ज्ञान यांच्यातले अंतर आहे. याच प्रयोगशाळेतून १९८८ साली ‘टीसीपीडंप’ बाहेर पडली. तारेवरून जाणारे प्रत्येक पुडके उलगडून पाहण्याची सोय तिने केली.

यापुढची कथा अधिक बोलकी आहे. १९९४ साली टोबियास ओएटिकर नावाचा अभियंता ज्या संस्थेत काम करीत होता, तेथे बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ओळ होती, तीही सेकंदाला ६४ किलोबिट क्षमतेची. ती किती भरली आहे, हे जाणून घेण्याची सर्वांनाच उत्सुकता. ओएटिकरने त्या ओळीवरील रहदारीचा आलेख सतत काढत राहणारी एक छोटी आज्ञावली लिहिली, आणि तो आलेख कोणालाही पाहता येईल अशा ठिकाणी लावला. पुढच्या वर्षी ‘एमआरटीजी’ या नावाने त्याने ती जगाला देऊन टाकली. एक ओळ अनेकांनी वाटून घ्यायची, तर ती कशी चालली आहे हे त्या अनेकांना दिसले पाहिजे. या साध्या लोकशाही वृत्तीतून ते साधन जन्मास आले. १९९८ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील एका लहान इंटरनेट कंपनीत नोकरी करणाऱ्या जेराल्ड कोम्ब्सला जाळ्यातील पुडकी तपासण्यासाठी साधन हवे होते. बाजारातील साधनांची किंमत दीड हजार डॉलरच्या घरात होती, आणि ती त्याच्या कंपनीतील यंत्रांवर चालतही नव्हती. त्याने स्वतःच एक साधन लिहिले, त्याला ‘इथेरियल’ नाव दिले आणि ते मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. २००६ साली त्याने नोकरी बदलली, तेव्हा नाव पूर्वीच्या कंपनीच्या मालकीचे राहिले. तेव्हा कोम्ब्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नावावर पाणी सोडले, तीच आज्ञावली ‘वायरशार्क’ म्हणून पुढे चालवली, आणि आज जगभरचे तंत्रज्ञ जे वापरतात ते हेच. पाटी मालकाकडे राहिली आणि विहीर गावाकडे आली, अशी ही घटना आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की जाळ्याकडे पाहण्याची दृष्टी ही कोणा भांडवलदाराच्या कृपेने मिळालेली वस्तू नाही. तिचा मोठा भाग सार्वजनिक पैशावर चाललेल्या प्रयोगशाळांत आणि स्वेच्छेने राबणाऱ्या तंत्रज्ञांच्या हातून घडला. ती समाजाची कमाई आहे. मग ती समाजाच्या कामी का येत नाही?

ही दृष्टी आमच्या त्या रेशन दुकानाला लावून पाहू. दुकानातल्या पॉस मशीनमध्ये मोबाइल कंपनीचे सिमकार्ड असते. अंगठा टेकला की निरोप कंपनीच्या मनोऱ्यावर जातो, तेथून पुरवठा विभागाच्या संगणक प्रणालीकडे, तेथून मध्यस्थ संस्थेमार्फत आधार प्राधिकरणाच्या भांडारापर्यंत. आणि त्याच वाटेने ‘होय’ किंवा ‘नाही’ घेऊन परत येतो. मशीन एकाचे, मनोरा दुसऱ्याचा, प्रणाली तिसऱ्याची, तिची देखभाल चौथ्या कंत्राटदाराकडे, भांडार पाचव्याचे. यांपैकी कोठेही कडी तुटली तरी दुकानाच्या पायरीवर उमटणारा शब्द एकच. मोबाइल कंपनीकडे तक्रार केली तर ती सर्व्हरकडे बोट दाखवते, सर्व्हरवाला रेंजकडे, आणि दोघेही मिळून शेवटी बाईच्या झिजलेल्या अंगठ्याकडे. आयुष्यभर खुरपे चालवून ज्या अंगठ्याच्या रेषा पुसल्या गेल्या, तोच आरोपी ठरतो!

कोणी म्हणेल, करारात सर्व तरतुदी असतात. कंत्राटदाराने यंत्रणा शेकडा ९९ वेळ चालू ठेवली पाहिजे, नाही तर त्याला दंड होतो. शेकडा ९९ हा आकडा ऐकायला मोठा भारदस्त वाटतो. तीस दिवसांचा महिना ७२० तासांचा. त्यातला एक टक्का म्हणजे सात तास बारा मिनिटे. दुकान महिन्यातून ज्या थोड्या दिवशी धान्य वाटते, नेमक्या त्याच दिवसांच्या कामाच्या वेळी हे सात तास आले, तर एक अख्खा वाटपाचा दिवस बुडतो, आणि कराराच्या भाषेत मात्र काहीच बिघडलेले नसते. रात्री दोन वाजता, जेव्हा एकही दुकान उघडे नसते, तेव्हाची सुरळीत सेवाही कंत्राटदाराच्या जमेच्या बाजूला पडते. शिवाय ‘पूर्वनियोजित देखभाल’ या नावाखाली बंद ठेवलेला वेळ हिशेबात न धरण्याची पद्धत असतेच. सरासरीची करामत तर विचारूच नका. शंभर दुकानांपैकी एक दुकान महिनाभर मृतवत पडले आणि उरलेली नव्याण्णव चालू राहिली, तरी सरासरी ९९! त्या एका दुकानावर अवलंबून असलेल्या गावाने काय खायचे, हे सरासरी सांगत नाही.

याहून गंभीर गोष्ट आहे ती मोजण्याच्या जागेची. पिंगची हाक कोठून मारली, यावर तिचे उत्तर अवलंबून असते. सर्व्हरच्या शेजारच्या खोलीत बसून सर्व्हरला हाक मारली, तर तो बहुधा ओ देणारच. मेळघाटातील दुकानातून हाक मारली असती तर ती पोचलीच नसती. पण तेथून हाक मारण्याची जबाबदारी कोणावरच टाकलेली नसते. आणखी एक सूक्ष्म बाब आहे. पिंगला जे उत्तर मिळते ते यंत्राच्या मूळ प्रणालीकडून मिळते. अंगठा तपासणारी आज्ञावली त्या वेळी निपचित पडलेली असली तरी यंत्र ओ देतच राहते. नाडी लागते, पण माणूस बोलत नाही, अशी ती स्थिती. जो तंत्रज्ञ प्रामाणिक असतो तो म्हणूनच पिंगवर थांबत नाही; खरा कार्डधारक जे करतो तेच, त्याच वाटेने, ठराविक अंतराने करून पाहणारी चाचणी तो लावतो. अशी चाचणी लावणारी मुक्त साधने आज वीस-पंचवीस वर्षे उपलब्ध आहेत. १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ या नावाने सुरू झालेले आणि नंतर ‘नागिओस’ म्हणून प्रसिद्धी पावलेले साधन हेच करते. २००१ पासूनचे ‘झॅबिक्स’ हेच करते. ती बसवण्यासाठी परवान्याचा एक रुपयाही लागत नाही. लागते ती फक्त खरे जाणून घेण्याची इच्छा.

वाण्याच्या दुकानातील काट्याची ठराविक मुदतीत पडताळणी करून वैधमापन खात्याचे निरीक्षक त्यावर शिक्का मारतात. वाणी प्रामाणिक असो वा नसो, काटा त्याच्या शब्दावर सोडलेला नाही. रेशन दुकानातील धान्याचा काटाही या कायद्यातून सुटलेला नाही. परंतु ज्या जाळ्यावाचून त्या काट्यावर धान्य पडतच नाही, त्या जाळ्याचे मोजमाप कोण करतो? जो सेवा पुरवतो, बहुतेक ठिकाणी तोच. किंवा त्यानेच बसवलेले साधन. त्या साधनाने काढलेला महिन्याचा अहवाल तोच विभागाला सादर करतो, आणि त्यावरून त्याचेच बिल मंजूर होते. वाण्याला स्वतःच्या काट्यावर स्वतःच शिक्का मारण्याची मुभा देणारा कायदा विधानसभेत मांडला, तर केवढा गदारोळ होईल! संगणकाच्या बाबतीत तीच मुभा निविदेच्या एखाद्या परिशिष्टात गुपचूप देऊन टाकली जाते, आणि कोणाच्या भुवयाही उंचावत नाहीत.

विजेचे उदाहरण घ्या. वीजपुरवठा किती वेळा व किती काळ खंडित झाला, याचे निर्देशांक नियामक आयोगाच्या दंडकानुसार महावितरणला काढावे व प्रसिद्ध करावे लागतात. त्यांच्या खरेपणाविषयी वाद घालता येतो, आणि वाद घालता येतो हीच मोठी गोष्ट आहे. गाडी किती मिनिटे उशिरा धावत आहे, हे रेल्वे आज कोणाही प्रवाशाला फोनवर सांगते. तारेतून वीज जाते तिचा हिशेब जनतेला द्यायचा, आणि तारेतून भाकरी जाते तिचा मात्र द्यायचा नाही, यामागील तर्क आम्हाला तरी उमगत नाही.

येथे नोकरशाहीचे ठेवणीतले अस्त्र बाहेर पडते: सुरक्षितता. बिघाडाच्या नोंदी उघड केल्या तर शत्रूला आमची दुर्बल स्थाने कळतील, म्हणे. मागणी काय आहे ते आधी नीट ऐकून घ्यावे. कोणी सांकेतिक शब्द मागत नाही, यंत्रांचे नकाशे मागत नाही. अमुक तारखेला अमुक तालुक्यातील किती दुकानांची पडताळणी अडली, किती वेळ अडली, आणि बिघाड कोणत्या टप्प्यावर होता, एवढेच मागितले जात आहे. ज्या शत्रूला आमची यंत्रणा पाडायची आहे, त्याला ती केव्हा पडली हे कळण्यासाठी आमच्या अहवालाची गरज नाही. गरज आहे ती पायरीवर बसलेल्या मावशीला.

आणि गुप्ततेने सुरक्षितता साधते, हा समज किती पोकळ आहे, याचा पुरावा खुद्द याच क्षेत्राने दिला आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ‘सोलरविंड्स’ ही जाळ्यावर देखरेख ठेवणारी साधने विकणारी बडी कंपनी. तिचे ‘ओरायन’ हे साधन सरकारी खात्यांपासून मोठमोठ्या उद्योगांपर्यंत सर्वत्र बसवलेले. २०१६ साली दोन गुंतवणूकदार संस्थांनी ही कंपनी साडेचार अब्ज डॉलरला विकत घेतली होती. २०२० च्या मार्चपासून तिच्या अधिकृत सुधारित आवृत्त्यांतूनच घुसखोरांची आज्ञावली ग्राहकांच्या घरी पोचू लागली. सुमारे अठरा हजार ग्राहकांनी ती विश्वासाने बसवून घेतली. अमेरिकेच्या अर्थ व वाणिज्य खात्यांसह अनेक खात्यांत शिरकाव झाला, आणि हे उघडकीस आले ते डिसेंबरात. अमेरिकन सरकारने पुढे त्याचा ठपका रशियाच्या गुप्तहेर खात्यावर ठेवला. देखरेखीचे साधन हा घरातील पहारेकरी असतो. प्रत्येक खोलीची किल्ली त्याच्या कमरेला असते. तोच जर बंद पेटीत असेल आणि त्या पेटीत डोकावण्याचा अधिकार एकट्या विक्रेत्याला असेल, तर चोराला हजारो घरे फोडावी लागत नाहीत. एक पहारेकरी फोडला की पुरे.

याच्याशेजारी २०२४ च्या मार्चमधील दुसरी घटना ठेवून पाहावी. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की आपल्या यंत्रात दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. त्याने मागोवा घेतला, आणि ‘एक्सझेड’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त आज्ञावलीत कोणी तरी पद्धतशीर पेरलेले चोरदार त्याला सापडले. ते सर्वत्र पसरण्यापूर्वीच बंद झाले, कारण आज्ञावली उघडी होती आणि संशय येताच तिच्या आत शिरून पाहता आले. फ्रॉइंड हा स्वतः एका बलाढ्य मक्तेदार कंपनीचा नोकर होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याहून प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की जिच्यावर अब्जावधींचे उद्योग उभे आहेत, ती ‘एक्सझेड’ एक थकलेला माणूस विनामोबदला सांभाळत होता आणि त्याच्या थकव्याचाच फायदा घुसखोराने घेतला. मुक्त साधने म्हणजे फुकटची वेठबिगारी, असा अर्थ भांडवलदारांनी लावला आहे. तो समाजवाद्यांना मान्य होण्याचे कारण नाही. जे साधन सार्वजनिक व्यवस्था वापरते, ते सांभाळणाऱ्याला सार्वजनिक तिजोरीतून वेतन मिळाले पाहिजे.

आमच्याकडे हे काम जाणणारी माणसे नाहीत, असे तरी कोणी म्हणू नये. हिंजवडीत आणि ऐरोलीत रात्रीच्या पाळीला शेकडो तरुण-तरुणी पडद्यांसमोर बसून सातासमुद्रापलीकडील बँकांची व विमा कंपन्यांची जाळी सांभाळत असतात. तेथे एखादा दिवा तांबडा झाला की ठरलेल्या मिनिटांच्या आत उत्तर द्यावे लागते, नाही तर सकाळी जाब विचारला जातो. यवतमाळचा मुलगा लंडनच्या बँकेतील बिघाड कोठे आहे हे पंधरा मिनिटांत सांगू शकतो, आणि यवतमाळच्या रेशन दुकानातील बिघाड कोठे आहे हे पंधरा दिवसांत कोणी सांगू शकत नाही! त्या तरुणांच्या कौशल्यात काही उणे नाही. उणे आहे ते हिशेब मागणाऱ्यांच्या वजनात. लंडनचा बँकवाला हिशेब मागू शकतो.

दुरुस्तीची विद्या आपल्या हाती घेण्याचा प्रयत्न या देशाने एकदा केला होता, याची आठवण आजच्या पिढीला करून देणे आवश्यक आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार आयबीएम कंपनीला येथील मालकीतील आपला हिस्सा कमी करायचा होता. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, ती अट मान्य करण्याऐवजी कंपनीने १९७८ साली गाशा गुंडाळला. आता देशातील संगणक बंद पडणार, अशी हाकाटी तेव्हाही झाली. परंतु त्याआधीच स्थापन झालेल्या सीएमसी या सार्वजनिक कंपनीने आयबीएमच्या यंत्रांची देखभाल अंगावर घेतली, आणि यंत्रे चालू राहिली. बिघाड शोधता शोधताच तिचे अभियंते इतके तयार झाले, की ऐंशीच्या दशकात रेल्वेच्या आरक्षणाची संगणक प्रणाली त्यांनी उभारली आणि १९८६ मध्ये ‘इंडोनेट’ हे देशातील शहरांना जोडणारे संगणकांचे जाळे चालू केले. २००१ साली वाजपेयी सरकारने या कंपनीतील ५१ टक्के हिस्सा टाटांना विकला, आणि २०१५ मध्ये तिचे स्वतंत्र अस्तित्वही संपले. विकला गेला तो एक हिस्सा नव्हता. सरकारला स्वतःच्या यंत्राकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येण्याची सोय विकली गेली. त्यानंतर प्रत्येक खात्याने ती सोय निविदा काढून भाड्याने घ्यायला सुरुवात केली.

राज्यसंस्थेला जाळ्यात डोकावणे जमत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. नागरिकांकडे पाहायचे असते तेव्हा तिची दृष्टी मोठी तीक्ष्ण होते. २० डिसेंबर २०१८ रोजी गृहमंत्रालयाने आदेश काढून दहा यंत्रणांना कोणत्याही संगणकातील माहिती अडवण्याचा व तपासण्याचा अधिकार दिला. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरचे अख्खे जाळे एका आदेशाने बंद करण्यात आले; वेगवान मोबाइल सेवा पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. असे बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सांगितले. जाळे तांत्रिक बिघाडाने पडले की हुकुमाने पाडले, यातला भेद याच मोजमापाच्या साधनांनी कळू शकतो. ‘उनी’सारखे मुक्त प्रकल्प स्वयंसेवकांच्या मदतीने २०१२ पासून तेच करीत आले आहेत. पुडके उलगडून पाहण्याची विद्या दुधारी आहे, हे आम्ही लपवू इच्छित नाही. तिच्या बळावर मालक कामगाराच्या पडद्यावर नजर ठेवतो आणि सरकार नागरिकाच्या पत्रव्यवहारावर. म्हणूनच नजर कोणी कोणावर ठेवायची, हे ठरवावे लागते. आज ती वरून खाली आहे.

आता दोन शब्द स्वकीयांसाठी. साठच्या दशकात कलकत्त्यातील आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध झुंज दिली. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रांच्या संख्येवर व वापरावर मर्यादा घालणारा करार करून घेतला. नोकऱ्यांच्या रक्षणासाठी ते लढे आवश्यक होते, असे आम्ही आजही मानतो. पण त्या लढ्यांतून एक सवय आमच्या अंगी मुरली: संगणक हा मालकाचा, त्याच्या आत काय चालते ते पाहणे हे आपले काम नव्हे. या सवयीची किंमत आज रांगेतला माणूस मोजत आहे. गिरणीतील मजूर मागाचा प्रत्येक दोरा ओळखत असे, म्हणूनच मुकादमाने ‘माग बिघडला’ असे सांगून मजुरी कापली तर तो त्याला तोंडावर खोटे पाडू शकत असे. आमचे कार्यकर्ते सर्व्हर डाऊन हे उत्तर ऐकतात आणि मुकाट परत येतात. मग मोर्चा काढतात, निवेदन देतात, आणि निवेदनात लिहितात की सर्व्हर सुरळीत करावा. कोणता सर्व्हर?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. त्याच्या आठव्या कलमानुसार हक्काचे धान्य मिळाले नाही, तर कार्डधारक राज्य सरकारकडून अन्नसुरक्षा भत्ता मिळण्यास पात्र ठरतो. हे कलम किती जणांना ठाऊक आहे? आणि ठाऊक असले, तरी धान्य यंत्रणेच्या बिघाडामुळे मिळाले नाही हे त्या मावशीने सिद्ध कसे करायचे? तिच्याजवळ पावती नाही, कारण पावती व्यवहार झाला तरच निघते. न झालेल्या व्यवहाराचा एकमेव साक्षीदार म्हणजे ती बिघाडाची नोंद, आणि ती कंत्राटदाराच्या संगणकात बंद. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. ठरलेल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात दंडाची तरतूद आहे, पण पुरेसे व वाजवी कारण दाखवले तर दंड टळतो. सर्व्हर डाऊनपेक्षा अधिक वाजवी दिसणारे आणि अधिक पडताळता न येणारे कारण कोणते?

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. ज्या जाळ्यावर रेशन, सातबारा, पीकविमा आणि दाखले अवलंबून आहेत, त्याचे मोजमाप सेवा पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून काढून घ्यावे आणि वैधमापनासारख्या स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेकडे, कायम नोकरीतील तंत्रज्ञांच्या हाती सोपवावे. मोजण्याची साधने मुक्त असावीत. मोजणी सर्व्हरच्या दालनातून न करता गावातून व्हावी, आणि तिचा रोजचा तक्ता तालुकावार, दुकानवार, मराठीत, माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाखाली कोणी न मागता प्रसिद्ध व्हावा. दुकानाच्या फळ्यावरही लागावा.

सरकार हे आपण होऊन करील, अशी आशा बाळगण्याइतके आम्ही भोळे नाही. पक्षाच्या शाखांनी म्हणून वाट पाहत बसू नये. प्रत्येक शाखेने एक रेशन दुकान निवडावे. तेथे एक वही ठेवावी, आणि महिनाभर तारीख, वेळ, मशीनवर उमटलेला संदेश जसाच्या तसा, आणि परत गेलेल्या कार्डधारकांची संख्या एवढेच तीत लिहावे. दुकानदाराला शत्रू समजू नये. तोही त्याच रांगेतला आहे, फक्त त्याचे तोंड आपल्याकडे आहे. शेजारी एखाद्या साथीने आपल्या फोनवर त्याच कंपनीची रेंज आहे की नाही, तेवढे पाहून लिहावे. रेंज असेल तर बिघाड मनोऱ्यापलीकडचा असण्याचा संभव वाढला, इतके तरी त्यावरून कळते. महिना संपला की त्याच तारखांच्या देखरेखीच्या नोंदी, कंत्राटदाराने सादर केलेला त्या महिन्याचा अहवाल आणि त्यावरून झालेली दंडाची आकारणी, या तिन्हींच्या प्रती जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात मागाव्यात आणि वहीशी ताडून पाहाव्यात. अर्ज एकाच विषयावरचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक लावावे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही.